धान्याच्या खोलीतला कॉम्प्युटर

आमच्या सासूबाईंचं नाव तानूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. रक्ताच्या आत्या नव्हेत, पण आमच्यात सासूला आत्याच म्हणायची रीत आहे. बाई कशी आहे ते सांग, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. तोंडातून पहिलं वाक्य कौतुकाचं निघतं आणि दुसऱ्या वाक्याला माझं डोकं तापायला लागतं. तेव्हा सरळ पहिल्यापासून सांगते.

माझं माहेर इंदापूरचं. कॉलेज बारामतीला झालं आणि मग पुण्यात एका छोट्या कंपनीत प्रोग्राम लिहायला लागले. ती कंपनी हातात धरून हिंडायचं एक यंत्र बनवायची. विटेएवढं, वर चार ओळींचा पडदा, खाली बटणं. दूध गोळा करणाऱ्या माणसानं ते खांद्याला अडकवून दारोदार फिरायचं, कुणाचं किती लिटर, फॅट किती, तेवढं दाबायचं, बाकी सगळं यंत्रानं लक्षात ठेवायचं. त्या यंत्राच्या पोटात जे चालायचं ते मी लिहायचे. लिहायचं कॉम्प्युटरवर, मग तारेनं जोडून यंत्रात भरायचं. मला ते काम फार आवडायचं. इतकं, की जेवायला हाक मारली तरी ऐकू यायची नाही.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर पणदऱ्याचं स्थळ आलं. मुलगा दादासाहेब, सोमेश्वरनगरच्या कारखान्यात फिटर. थोडा ऊस, दोन गाई. साखरपुड्याला बैठक बसली आणि त्यांच्यातले एक चुलते म्हणाले, "पोरगी शिकलेली हाय, चांगलंच हाय. पण आता पुण्याचं काम बास. घर बघायचं." मी आत दाराआड उभी राहून ऐकत होते.

तेवढ्यात बायकांच्यातून तानूबाई उठल्या. बैठकीत जाऊन त्यांनी तबकातलं बेलाचं पान घेतलं, वाटीतला भंडारा चिमटीत धरला आणि म्हणाल्या, "हिचं काम माझ्या घरात बंद पडणार न्हाय. जेजुरीच्या देवाची आण घेऊन सांगती."

आमच्यात बेलभंडारा उचलला म्हणजे विषय संपला. त्या शपथेपुढं कोर्टकचेरी नाही. पण ती उचलायची असते ती बाप्यांनी, तीही जमिनीच्या बांधावरनं नाहीतर भावकीच्या भांडणात. सुनेच्या नोकरीसाठी भंडारा उचललेला त्या चुलत्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. ते नुसते पागोटं नीट करत बसले.

मला वाटलं, सासू हौशी दिसते. शिकलेली सून मिरवायची असेल. मी काय, खूश झाले.

लग्न झालं आणि खरा प्रश्न उभा राहिला. पणदऱ्याहून पुण्याला रोज जाणं शक्य नव्हतं. आमच्या कंपनीचे बापटसाहेब भले, पण शंकेखोर माणूस. खेड्यात बसून प्रोग्राम लिहायचा हे त्यांना पटेना. "तिथं लाइट नसते, फोन लागत नाही, आणि घरात पाहुणे आले की तू पोळ्या लाटायला जाणार," म्हणाले. मी पुष्कळ भांडले. शेवटी त्यांनी कंपनीचं एक मशीन मला घरी न्यायला दिलं आणि अट घातली. एप्रिलमध्ये ते इंदापूरला एका डेअरीत जाणार होते. त्याच दिवशी वाटेत पणदऱ्याला उतरून बघणार. मशीन चालू पाहिजे, फोन चालू पाहिजे, आणि नवा प्रोग्राम त्यांच्यासमोर यंत्रात भरून दाखवायचा. जमलं तर काम कायम. नाही जमलं तर मशीन गाडीत घालून परत, आणि माझ्या जागी दुसरं माणूस.

हे मी घरी सांगितलं तेव्हा आत्या एवढंच म्हणाल्या, "येऊ दे की साहेब. आपून काय डरतो व्हय?"

मशीन ठेवायचं कुठं? घर तीन खोल्यांचं. आत्यांनी धान्याची खोली रिकामी करायला घेतली. ज्वारीची पोती माजघरात, बाजरीची कणगी पडवीत, आणि मिरच्यांचं गाठोडं आमच्या झोपायच्या खोलीत. महिनाभर मी शिंकत उठायचे. खोली पुसून काढली, उंदरांची बिळं सिमेंटनं बुजवली. दादासाहेबांनी कारखान्यातल्या भंगारातून लोखंडी अँगल मागून आणले आणि टेबल वेल्डिंग करून घेतलं. ते टेबल असं दणकट झालं, की त्यावर गाय उभी केली असती तरी हललं नसतं. दारातून मात्र आत जाईना. मग दाराची चौकट काढली. आधी माप घ्यावं असं त्या माणसाला का वाटू नये? फिटर म्हणे!

गावचे वायरमन सर्जेराव येऊन लाइनचं बघून गेले. खोलीच्या मागं खड्डा काढला, त्यात तांब्याची पट्टी, मीठ आणि कोळसा भरला. "अर्थिंग" म्हणाले. "हितं रोज पाणी घालायचं, वहिनी. माती वलीच पाहिजे." हे काम आत्यांनी स्वतःकडं घेतलं. सकाळी तुळशीला पाणी घातलं की उरलेली कळशी अर्थिंगला. एकदा तर मी पाहिलं, खड्ड्यापुढं दोन बोटं कुंकूही वाहिलं होतं. मी हसले तर मलाच म्हणाल्या, "हसतीस काय? तुजी मशिन त्याच्यावरच उभी हाय ना?"

पूजेच्या दिवशी मात्र मी कंबर कसून उभी होते. भंडारा उधळणार हे मला माहीत होतं. आमच्यात नवा ट्रॅक्टर येवो नाहीतर नवी नवरी, पिवळं केल्याशिवाय आत घेत नाहीत. मी सांगितलं, "आत्या, एक बोट लावायचं. डब्याला, बाहेरून. पावडर आत गेली तर संपलं."

"एक बोट? एवढी का नाजूक हाय ती?"

"हो, आहे."

"मग देवाला काय सांगू? सून परवानगी देत न्हाय म्हनून?"

"सांगा खुशाल."

त्यांनी तोंड वाकडं करून एक बोट लावलं. नारळही मी बाहेर अंगणात फोडायला लावला. लढाई जिंकल्यासारखं वाटलं मला. धोका टळला असं समजून मी निर्धास्त झाले, आणि इथंच माझा अंदाज चुकला.

आता थोडं आत्यांबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्यांची उमर मेंढरामागं गेलेली. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि मेंढरं घेऊन कोकणाकडं निघायचं, ते पावसाळा तोंडावर आला की माघारी. सासरे म्हस्कूआबा पुढं, ह्या मागं, पाठीशी दादासाहेब बांधलेले. पुढं कॅनॉलच्या पाण्यावर ऊस झाला, मेंढरं गेली, घर झालं. म्हस्कूआबा वारले. पण बाईची सवय गेली नाही. जे काही घरात नवीन येईल ते त्यांच्या लेखी कोकरू. कालवड आणली, तर पहिले काही दिवस तिच्याजवळच बसणार, अंगावर घोंगडी टाकणार, कानात काहीतरी पुटपुटणार. मला लग्नानंतर ताप आला तेव्हा मलाही तीच घोंगडी. असली टोचरी, की ताप परवडला.

कॉम्प्युटरचंही तेच. मी काम करत असले की त्या दारात बसून लसूण सोलायच्या आणि पडद्याकडं बघत राहायच्या. हातातलं यंत्र तयार झालं की बटणं दाबून बघायला त्याच. अक्षर ओळख नाही, पण "टुक" वाजलं की खूश. बायका बघायला यायच्या तर त्यांना उंबऱ्याच्या आत घ्यायच्या नाहीत. "लांबनंच बघा. अजून रुळली न्हाय ती." जणू मशीन बुजून दावं तोडून पळणार होतं.

साहेब शनिवारी येणार होते. शुक्रवारी सकाळी माझं सगळं तयार होतं. प्रोग्राम पुरा झाला होता, यंत्रात भरून पाहिला होता, फोनची तार सर्जेरावांनी नीट केली होती. एकच काम राहिलं होतं, कॉम्प्युटरच्या डिस्कवर विस्कटलेली माहिती आवरून घ्यायचं. ते मशीन आपलं आपण करतं, पण दोन-तीन तास खातं. मी ते लावून दिलं आणि एसटीनं बारामतीला गेले. जास्तीची एक तार आणायची होती, ऐनवेळी दगा नको म्हणून. जाताना आत्यांना बजावलं, "हात लावू नका. चालू राहू दे."

"न्हाय लावत," म्हणाल्या. आणि बाईंनी हात लावला नाही हे खरंच. त्यांनी फक्त पांघरूण घातलं.

झालं असं. दुपारी वावटळ उठली. एप्रिलचं ऊन, रस्त्याला उसाच्या गाड्यांनी पाडलेला फुफाटा, सगळं घरात घुसायला लागलं. आत्यांनी खिडकी लावली, दार लावलं. तेवढ्यात लाइट गेली आणि लाइट गेल्यावर मशीनला थोडा वेळ वीज देणारा, खाली ठेवलेला बॅटरीचा डबा बोलायला लागला, कुई, कुई, कुई. तो तसा बोलतोच लाइट गेली की. पण ह्यांनी ऐकलं ते कोकरू. धुळीत घाबरलेलं, थंडीवाऱ्यात कुडकुडणारं. एप्रिलमध्ये कसली थंडी, पण त्या आवाजाला त्यांचे हात आपोआप हलतात. आतून काळी घोंगडी आणली, चौघडी केली आणि पडदा, डबा, सगळं गुंडाळलं. मागची बाजूही नीट खोचली, वारा लागू नये म्हणून. थोड्या वेळानं लाइट आली, कुई थांबली. पोरगं झोपलं असं समजून ह्या गाईंना पाणी दाखवायला गेल्या.

मी परतले तर पडवीतच वास आला. जळकट. दार उघडलं, घोंगडी दिसली, आणि मला जे कळायचं ते कळलं. ओढून काढली तर आतून भट्टीसारखी वाफ. पडदा काळा. बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, काही नाही.

मग मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. "कुणी सांगितलं होतं? कुणी? मेंढरू आहे का ते? श्वास कोंडून मारलंत तुम्ही त्याला!" असं बरंच. शेजारपाजार दारात आला. मला त्याचं तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. राग आला की बोलून मोकळं व्हायचं, आत कुजवायचं नाही, हे मी त्यांच्याच घरात शिकले होते. नेहमी त्या सव्वापट उलट बोलायच्या आणि मग आम्ही दोघी चहा प्यायचो.

त्या दिवशी उलट बोलल्या नाहीत. भिंतीला टेकून खाली बसल्या. चेहरा उतरून गेला होता. म्हणाल्या, "माज्या हातानं माजी आण मोडली गं."

मला एकदम उमगेना. मग लक्षात आलं. मी नोकरीचा विचार करत होते, त्या भंडाऱ्याचा. देवापुढं शब्द दिला होता, काम बंद पडणार नाही, आणि बंद पाडलं कुणी? त्यांनीच. पदर तोंडाला लावून ती बाई अशी रडायला लागली, की माझा राग कुठल्या कुठं गेला. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. म्हस्कूआबांच्या आठवणीनंसुद्धा नाही.

"उठा," मी म्हटलं. "रडून काय होतंय? बघू तरी काय झालंय."

मी प्रोग्राम लिहिणारी. डबा कधी उघडला नव्हता. दादासाहेब ड्यूटीवर, त्यांचा स्क्रू ड्रायव्हर हाताशी होता. डबा उघडला. मागच्या कोपऱ्यात एक पेटी असते, तिच्यातून सगळ्यांना वीज जाते. वास तिथूनच येत होता, आणि पंख्यात घोंगडीची लोकर गुंतून बसली होती. बाकीचं काळं पडलेलं दिसत नव्हतं. देवाचं नाव घेतलं आणि म्हटलं, बारामतीला नेऊ.

आत्या उठल्या. डोळे पुसले. डबा जुन्या लुगड्यात बांधला आणि मला हातसुद्धा लावू दिला नाही. एसटीला गर्दी. कंडक्टर म्हणाला, "आजी, बोचकं खाली ठेवा." त्यांनी त्याच्याकडं असं बघितलं, की तो पुढं सरकला. बारामतीपर्यंत डबा मांडीवर. खड्डा आला की वर उचलून धरायच्या.

भिगवण रस्त्याला तेव्हा ऋषिराज नावाच्या एका तरुण माणसाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. इंदापूरकडचाच. त्यानं आमच्या डब्याला आपल्या मशीनमधून वीज जोडून पाहिली. पंखा फिरला, आतली डिस्क घरघरली, त्याच्या पडद्यावर अक्षरं आली. माझा प्रोग्राम जागच्या जागी होता! मी तिथंच एका स्टुलावर बसले.

"फक्त पेटी जळलीय," तो म्हणाला. "पण ह्या जातीची माझ्याकडं शिल्लक नाही. पुण्याहून मागवतो. सोमवारी या."

"उद्या सकाळी पाहिजे हो."

"उद्या कुठनं आणू, ताई?"

मी समोर बोट केलं. दुकानात त्याचं स्वतःचं एक मशीन चालू होतं, आमच्यासारखंच. "त्यातली काढून द्या. सोमवारी तुमची तुम्हाला परत."

तो हसला. मग त्याला कळलं की मी चेष्टा करत नाही, आणि त्याचं हसू गेलं. "छे छे. ते कसं जमेल? माझं काम आहे त्याच्यावर. लोक उद्या घ्यायला येणार." मी विनवण्या केल्या, मग जरा आवाज चढवला, मग पुन्हा विनवण्या. माणूस काही बधेना. आणि त्याचं तरी काय चुकत होतं? कोण कुठली बाई, येऊन म्हणते तुमचं मशीन उघडा.

इतका वेळ आत्या दारातच उभ्या होत्या. त्या पुढं आल्या. "बाबा," म्हणाल्या, "ही माजी सून. हिचं काम बंद पडणार न्हाय म्हनून मी बेलभंडारा उचललाय. आन आज माज्याच हातानं जाळलं मी ते. तुला जबरदस्ती न्हाय. पर तुला सांगून ठिवती, म्हंजी मला आसं नगं वाटाया, का मी इचारायचीच ऱ्हायली."

ऋषिराजच्या हातातली पक्कड थांबली. "कुठल्या देवाचा?"

"जेजुरीचा."

त्यानं पक्कड टेबलावर ठेवली. "काय आजी," म्हणाला, "आता नाही म्हणायला जागा तरी ठेवली का तुम्ही?" त्यानं आपलं मशीन बंद केलं, पालथं घातलं आणि स्क्रू काढायला लागला. कपाळावर आठ्या होत्याच. पुटपुटतही होता काहीतरी. पण पेटी काढली, आमच्या डब्यात बसवली, चालवून दाखवली. ती आमच्या पेटीपेक्षा जरा मोठी होती, त्यामुळं डब्याचं झाकण बसेना. "राहू द्या उघडंच," म्हणाला. "आणि आजी, पांघरूण घालू नका." आत्यांनी मान खाली घातली.

शनिवारी बापटसाहेब वेळेवर आले. पायातले बूट काढून धान्याच्या खोलीत शिरले, टेबलाकडं बघून भुवया उंचावल्या, खुर्ची ओढून बसले. आत्या दारात लसणाचं सूप घेऊन बसल्या, पण एक पाकळी सोलत नव्हत्या. मी यंत्र जोडलं, प्रोग्राम भरला. साहेबांनी लिटर दाबले, फॅट दाबली, चुकीचं दाबलं, मुद्दाम वेडंवाकडं दाबलं. यंत्र बरोबर उत्तरं देत गेलं. फोन उचलून त्यांनी पुण्याला ऑफिसात लावला, लागला. मग लाइट गेली. जायचीच होती. बॅटरीचा डबा कुई कुई करायला लागला. मी हळूच आत्यांकडं पाहिलं. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

साहेब उठता उठता वाकले. "झाकण का नाही याला? आणि ही पेटी आपली नाही."

काहीतरी थाप मारावी म्हणून मी शब्द जुळवत होते, तर दारातून आवाज आला.

"म्या जाळली, साहेब. काल दुपारी. घोंगडी टाकली मशिनीवर, वारं लागतंय म्हनून. हिचा कायबी दोष न्हाय. ती तर बारामतीला गेलती."

संपलं, मला वाटलं. साहेब त्यांच्याकडं बघायला लागले, मग माझ्याकडं. "काल दुपारी जळली?"

"हो."

"आणि आज सकाळी चालू?"

"संध्याकाळीच चालू केली, सर. बारामतीतून पेटी आणली. सोमवारी परत करायचीय."

साहेब पुन्हा खुर्चीत बसले. चष्मा काढला. "आमच्या ऑफिसात महिन्यापूर्वी एक मशीन जळलं," म्हणाले, "ते अजून तसंच पडलंय. रोज येतात, बघतात, नि चहाला जातात. मी इथं लाइट आणि फोन बघायला आलो होतो. ते ठीक आहे, होईल कमीजास्त. मला भीती होती, काही बिघडलं तर पुढं काय, त्याची." मग आत्यांकडं वळून म्हणाले, "आजी, मशीन इथंच राहील. सूनबाईंचं काम पक्कं. पेटी मी सोमवारी पाठवतो."

आत्यांनी सूप बाजूला ठेवलं, उठल्या आणि चूल पेटवायला गेल्या. साहेबांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. इंदापूरचं काम थांबेल, म्हणाल्या, भाकरी थांबत न्हाय. साहेबांनी मटकीची उसळ दोनदा मागून घेतली.

गाडी गेली तशी आम्ही दोघी पडवीत येऊन टेकलो. आत्यांनी कालपासून अन्नाला हात लावला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. मी ताट वाढून आणलं. त्या निवांत जेवत होत्या, आणि मी बघत होते. इतके दिवस मनात होतं ते विचारून टाकलं.

"आत्या, साखरपुड्याला तुम्ही मला धड ओळखत पण नव्हता. कांदेपोह्याला पाहिलं तेवढंच. मग भंडारा कशाला उचललात माझ्यासाठी?"

त्यांनी घास खाल्ला, पाणी प्यायल्या.

"माज्या बानं मला मेंढरं दिलती आंदन," म्हणाल्या. "लग्नात. माजी मेंढरं. कोकरं असल्यापास्नं मीच वाढिवलेली. एकेकीचा आवाज वळखायची मी. आंधारात हात फिरिवला तरी सांगायची ही कंची. दादासाहेबाच्या पाठीवरची पोर झाली तवा बाळंतपनाला म्हायेरी गेली. ती पोर जगली न्हाय. मोकळ्या हातानं माघारी आली, तर मेंढरांचं वाडगं रिकामं. मामंजींनी आन हेनी मिळून इकून टाकली हुती. ऊस लावायचा हुता."

"तुम्हाला विचारलं नाही?"

"कोन इचारतंय? वाईट मानसं न्हवती गं ती. त्यांच्या डोक्यातच आलं न्हाय, इचारायचं असतंय म्हनून." मग म्हणाल्या, "तुज्या घरी बैठकीत ते तसंच बोलाय लागलं. पुण्याचं काम बास, म्हनं. आन तू दाराआड हुतीस, तुजं पाय दिसत हुतं मला. म्हनलं, हिचं बी इकत्यात आता."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि मी ते पुसलंही नाही.

"आता तू का रडतीस?" त्या खेकसल्या. आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. "ऱ्हायलं ना तुजं? मग. ह्या घरात एकीचं तरी ऱ्हायलं."

त्यांनी ताटातली शेवटची भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली.